दादानं दार लावून घेतलं: पंधरा वर्षांचा भाऊ, अकरा वर्षांची बहीण आणि चौकातले मित्र

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही पाहता येईल. मुलगा १५ वर्षांचा, यंदा दहावीत. मुलगी ११ वर्षांची, सहावीत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एक जण जेवायला बसल्याशिवाय दुसरा ताटाला हात लावत नव्हता. आता दादा खोलीचं दार लावून घेतो, तिनं वाजवलं की ओरडतो, शाळेच्या गेटपाशी मित्र असले तर तिला ओळख दाखवत नाही. क्लास सुटल्यावर तासभर चौकात मित्रांबरोबर उभा असतो. धाकटी रोज रडते. ही संगत तोडावी का, आणि दोघांना पूर्वीसारखं कसं करावं, असं तुम्ही विचारलंय.

शेवटी शेवटी तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात: मुलीला सांगून ठेवलंय, दादा फोनवर कुणाशी काय बोलतो ते मला सांगत जा. माझ्या मते तुमच्या घरातली गाठ तिथे बसली आहे. संगतीचा प्रश्न त्यानंतरचा. पण त्या वाक्यापर्यंत येण्याआधी थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

मी २१ वर्षं माध्यमिक शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे, आधी तालुक्याच्या गावात आणि नंतर शहरात. आठवी-नववीच्या मुलांच्या आया जून-जुलैत माझ्याकडे येतात तेव्हा दहातल्या चार-पाच जणी हेच सांगतात: दोघांचं किती छान होतं, आता एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तेव्हा पहिली गोष्ट ही की तुमच्या मुलात काही बिघडलेलं नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मोठं भावंड धाकट्यापासून थोडं लांब जातंच. अमेरिकेत बुर्मेस्टर आणि फर्मन या संशोधकांनी तिसरी, सहावी, नववी आणि बारावीतल्या मुलांना त्यांच्या भावंडांविषयी विचारलं होतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं ते असं: वय वाढतं तशी भावंडांमधली जवळीक आणि भांडणं, दोन्हींची धग कमी होते आणि नातं अधिक बरोबरीचं होत जातं. 'दादा सांगेल ते ऐकायचं' हे जाऊन दोन माणसं समोरासमोर येतात. घरे वेगळी, रीतीभाती वेगळ्या असल्या तरी हा प्रवास मला आपल्या मुलांमध्येही तसाच दिसतो.

म्हणून 'पूर्वीसारखं' होणार नाही, आणि ते होऊ नयेच. पूर्वी तो तिचा खेळगडी होता. लपाछपी, पत्ते, भातुकलीतला गिऱ्हाईक, सगळं तोच. आता त्याच्या डोक्यात आणि शरीरात जे चाललंय ते त्याला अकरा वर्षांच्या मुलीशी बोलता येत नाही. आवाज फुटतोय, ओठावर लव येतेय, वर्गातल्या एखाद्या मुलीविषयी काहीतरी वाटतंय, दहावीची धास्ती आहे. हे ज्यांच्याशी बोलता येतं ते चौकात उभे आहेत.

आता एक गोष्ट जिच्यामुळे आयांना सगळ्यात जास्त वाईट वाटतं. बाहेर तो किती समजूतदार असतो! मित्रानं पुस्तक हरवलं तरी 'असू दे रे' म्हणतो, आणि बहिणीनं पेन्सिल उचलली तर घर डोक्यावर घेतो. यावर माझं उत्तर हे आहे की मित्र सोडून जाऊ शकतो, बहीण जाऊ शकत नाही. हे मुलांना कुणी शिकवत नाही, त्यांना ते माहीत असतं. मित्राशी वागताना तो सतत सांभाळून असतो, कारण आज बोललेला शब्द उद्या ग्रुपमधून काढून टाकायला पुरतो. दिवसभर असं सांभाळून घरी आलं की पहिला समोर येणारा माणूस म्हणजे बहीण. ती उद्या सकाळी त्याच घरात असणार आहे याची त्याला खात्री असते, म्हणून राग तिथे निघतो. मी हे त्याच्या वागण्याचं समर्थन म्हणून सांगत नाही. ओरडणं थांबवायला सांगायचंच. पण 'तुला मित्र प्रिय, बहीण नकोशी' असं त्याला ऐकवू नका. ते खरं नाही, आणि तेच पुन्हा पुन्हा कानावर पडलं की मुलं ते खरं मानायला लागतात.

याचीच दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. भांडायचं कसं आणि भांडण मिटवायचं कसं, हे मूल पहिल्यांदा भावंडाबरोबर शिकतं. रिमोटवरून कट्टी घ्यायची, रात्री एकाच पंख्याखाली झोपायचं आणि सकाळी काही न बोलता बट्टी झालेली असायची. हा सराव ज्यांना मिळतो ती मुलं पुढे मित्राशी बिनसलं तरी लगेच हातपाय गाळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. एकुलती एक मुलं हे चुलत-मावस भावंडांकडून किंवा वाड्यातल्या, सोसायटीतल्या मुलांकडून शिकतात, त्यांचं काही अडत नाही. पण ज्या घरात दोन मुलं आहेत आणि प्रत्येक भांडणात आई किंवा बाबा न्यायाधीश होऊन बसतात, तिथे हा सराव होतच नाही. मुलं एकमेकांशी न बोलता आईशी बोलतात. एकाला निकाल आपल्या बाजूनं लावून घ्यायचा असतो आणि दुसऱ्याला अपील करायचं असतं.

आता त्या वाक्याकडे येते.

तुम्ही मुलीला लक्ष ठेवायला सांगितलंत ते काळजीपोटी, हे मला समजतं. पण तुमच्या मुलाच्या जागी बसून बघा. त्याला कळलेलं आहे. मुलांना हे आठवड्याच्या आत कळतं, कारण ज्या गोष्टी फक्त बहिणीसमोर घडल्या त्या आईच्या तोंडून बाहेर येतात. त्या दिवसापासून त्याच्यासाठी ती बहीण राहिली नाही, खोलीत ठेवलेला कॅमेरा झाली. दार लावणं वयाचा भाग होताच. दार वाजवल्यावर ओरडणं हा बहुधा या व्यवस्थेचा भाग आहे.

मुलीचंही बघा. दादा लांब जातोय हे दुःख तिला आहेच. अशा वेळी आईला बातमी दिली की आई जवळ बसवून ऐकते, मध्ये तोडत नाही, तेवढा वेळ आई फक्त तिची असते. अकरा वर्षांच्या मुलीला हे सोडवत नाही. मग ती जास्त ऐकायला दाराशी जाते, तो जास्त चिडतो, ती रडते, आणि तुम्हाला वाटतं की त्याची संगत बिघडली आहे. त्या रडण्यात भाऊ दुरावल्याचं दुःख आहे, पण आपण काहीतरी चुकीचं करतोय याची टोचणीही असू शकते. ती तिला शब्दांत मांडता येत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक बहीण-भावाची जोडी होती, ती आठवीत आणि तो दहावीत. तिनं सांगितलं की दादा क्लास बुडवून नदीवर पोहायला गेला होता. गोष्ट खरी होती. वडिलांनी त्याला सगळ्यांसमोर मारलं. त्यानंतर तो तिच्याशी जवळजवळ दीड वर्ष एक शब्द बोलला नाही. भाऊबीजेला ओवाळून घ्यायला बसला, ताटात पैसे टाकले, वर पाहिलं नाही. ती मुलगी माझ्यासमोर हे सांगताना म्हणाली, 'मॅडम, मला वाटलं आई खूश होईल.' पुढे त्यांच्या आईनं दोघांना समोर बसवून सांगितलं की चूक माझी होती, तिला मी सांगायला लावलं. एका दिवसात काही सुटलं नाही. पण चार-पाच महिन्यांनी त्यानं तिला सायकलवरून क्लासला सोडलं, आणि तिथून पुढे हळूहळू बोलणं सुरू झालं. मोठ्या माणसानं आपली चूक मुलांसमोर मान्य केली तर मान कमी होतो असं आपल्याकडे मानतात. मी याच्या अगदी उलट पाहत आले आहे.

एक फरक मात्र दोन्ही मुलांना स्पष्ट सांगायला हवा. चुगली म्हणजे कुणाला अडचणीत आणण्यासाठी सांगणं; मदत म्हणजे कुणी अडचणीतून बाहेर यावं म्हणून सांगणं. दादा कुणाशी फोनवर हसत होता, ही चुगली. दादा रात्रभर रडतो, स्वतःला इजा करतो, कुणी त्याला धमकावतंय, कुणी त्याला पैसे मागतंय, हे कळलं तर ताबडतोब मोठ्यांना सांगायचं. हा नियम मुलालाही माहीत हवा, म्हणजे उद्या बहिणीनं असं काही सांगितलंच तर त्याला तो विश्वासघात वाटणार नाही. आणि नियम दोन्हीकडून लागू: तिच्याबद्दल काही गंभीर कळलं तर त्यानंही सांगायचं.

आता मित्रांकडे वळते. आठ-नऊ वर्षांचं मूल मैत्री करतं ती जवळच्या मुलाशी. एकाच बाकावरचा, एकाच जिन्यावरचा, ज्याच्याकडे बॅट आहे तो. बारा-तेराव्या वर्षी 'खास' हा शब्द येतो. डबा कुणाबरोबर खाल्ला, गुपित कुणाला सांगितलं, याला महत्त्व येतं, आणि गुपित फुटलं तर ती गोष्ट मुलाला घरातल्या कुठल्याही घटनेपेक्षा मोठी वाटू शकते. त्यानंतर येतो गट. सिडनीत डंफी नावाच्या संशोधकानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस किशोरांच्या टोळक्यांमध्ये राहून निरीक्षणं केली होती, ती १९६३ साली प्रसिद्ध झाली. आधी मुलांचे आणि मुलींचे वेगळे गट, मग हे गट एकमेकांच्या जवळ येतात, मग मिश्र गट, आणि शेवटी त्यातून जोड्या, असा क्रम त्यानं मांडला. आपल्याकडच्या शाळांमध्ये मधल्या पायऱ्या थोड्या उशिरा आणि बऱ्याचदा चोरून येतात, पण येतात. तुमचा मुलगा बहुधा मुलांच्या गटाच्या पायरीवर आहे. आणि तो दहावीत आहे हे विसरू नका. पुढच्या वर्षी अकरावीला यातला कोण कुठल्या कॉलेजात जाईल, कोण डिप्लोमाला, कोण आयटीआयला, कोण गाव सोडेल, हे त्यांना ठाऊक आहे. चौकातल्या त्या तासात हेही असतं.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, पण नेमकी कशाची ते समजून. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला, काहींना एकट्यानं आणि काहींना बरोबरीच्या दोघांच्या सोबतीनं. सोबती असताना किशोरांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. मोठ्यांमध्ये सोबतीनं फारसा फरक पडला नाही. म्हणजे मित्र वाईट असावेच लागतात असं नाही. चार चांगल्या घरची, चांगल्या स्वभावाची मुलं एकत्र आली की एकट्यानं जे कुणीच केलं नसतं ते करून बसतात. म्हणून मी आईबाबांना सांगते की कोण मित्र यावर वाद घालण्यापेक्षा, कुठे आणि कशावर बसून, यावर घट्ट राहा. १५ वर्षांच्या मुलाच्या हातात कुठलीच स्कूटर द्यायची नाही, मित्राच्या मागेही ट्रिपल सीट बसायचं नाही. यात सूट नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या वाहनगुन्ह्यासाठी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला आणि त्याच्या मित्रांनाही सांगा. असे दोन-तीनच नियम ठेवा, पण ते हलू देऊ नका. बाकी केस, कपडे, गाणी, बोलण्यातले नवे शब्द, यावर शक्ती घालवू नका.

संगत तोडायला मी का सांगत नाही, तर ती तुटत नाही, फक्त दिसेनाशी होते. आज तो चौकात तुमच्या ओळखीच्या दुकानासमोर उभा आहे. बंदी घातली तर कुठे उभा असेल ते तुम्हाला कळणार नाही. त्याऐवजी मित्रांना घरी येऊ द्या. पोह्यांची एक मोठी कढई टाका आणि स्वयंपाकघरात राहा, त्यांच्यात येऊन बसू नका. नावं लक्षात ठेवा. 'तुझा तो लांब केसांचा' असं म्हणण्यापेक्षा त्याचं नाव घेऊन 'त्याच्या आजीचं ऑपरेशन झालं का रे' असं विचारलंत, तर मुलगा स्वतःहून बोलायची शक्यता कितीतरी वाढते. एक-दोन मुलं खरंच खटकली, तर त्या मुलाला नावं ठेवू नका, घडलेली गोष्ट सांगा: 'परवा त्यानं रिक्षावाल्या काकांना जे म्हटलं ते मला आवडलं नाही.' मित्राला वाईट म्हटलं की मुलगा वकील होतो. नुसतं वागणं सांगितलं तर कधी कधी तोच म्हणतो, 'हो, मलाही नाही आवडलं.'

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमचं घर केवढं आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन खोल्यांच्या घरात 'त्याला त्याची जागा द्या' म्हणणं सोपं आणि करणं कठीण असतं. तिथे मी वेळेची वाटणी करायला सांगते: संध्याकाळी सात ते आठ आतली खोली त्याची, आठ ते नऊ तिची. एक कुलूप लागणारा खण प्रत्येकाचा, त्यात आईसुद्धा हात घालणार नाही. घरात आजी-आजोबा असतील तर ते कुणाची बाजू घेतात हेही बघावं लागेल. अलीकडे बदली झाली असेल, घरात आजारपण किंवा पैशाची ओढाताण असेल, तर मी वर सांगितलेल्यातलं बरंच थोडं बदलून घ्यावं लागेल.

आणि एक विषय जो तुम्ही काढला नाही, पण अकरा वर्षांच्या मुलीच्या घरात तो असतोच. मुली साधारणपणे मुलांपेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी वयात येऊ लागतात. म्हणजे बदल फक्त दादात होत नाहीये. बऱ्याच घरांत या सुमाराला एके दिवशी न सांगता दोघांची अंथरुणं वेगळी होतात, 'आता त्याच्या अंगाशी खेळू नकोस' असं तिला दटावलं जातं, आणि मुलाला तर कुणी काहीच सांगत नाही. काही घरांत पाळीच्या दिवसांत तिला बाजूला बसवलं जातं, आणि भावानं विचारलं तर 'कावळा शिवला' म्हणून गप्प केलं जातं. यातून दोघांनाही वाटतं की एकमेकांत काहीतरी लाज वाटण्यासारखं आहे. झोपायची व्यवस्था बदलायची तर जरूर बदला, पण दोघांना कारण सांगा: तुम्ही मोठे होताय, दोघांच्या शरीराला आपापली जागा हवी. पाळी म्हणजे काय हे मुलाला स्वच्छ शब्दांत सांगा. ज्या भावांना हे माहीत असतं ते पोट दुखणाऱ्या बहिणीला गरम पाण्याची पिशवी आणून देतात. मी अशी मुलं पाहिली आहेत, ती काही जगावेगळी नव्हती.

याला लागूनच तो बाहेर असतो आणि ती घरात, हा मुद्दा येतो. तो आठपर्यंत चौकात, आणि ती जेवणाची पानं घेतेय, पाणी भरतेय, त्याचंही ताट उचलतेय, असं असेल तर तिच्या रडण्यात त्याचाही वाटा आहे. कोवल आणि क्रेमर यांनी १९९७ च्या अभ्यासात ११ ते १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की आईबाबा तुम्हाला आणि भावंडाला वेगळं वागवतात का, आणि ते योग्य वाटतं का. वेगळं वागवलेलं मुलांना बहुतेक वेळा चाललं, कारण त्यामागचं कारण त्यांना पटलेलं होतं. वयामुळे मिळणारी सवलत मुलगी समजून घेईल: तो १५ चा आहे, तू १५ ची झालीस की तुलाही आठपर्यंत. पण 'तो मुलगा आहे' हे कारण तिला आज पटणार नाही आणि तिशीतही पटणार नाही. हा राग मग आईवर किंवा बाबांवर न निघता भावावर निघतो आणि तिथे मुरतो. तेव्हा त्याचं ताट त्यानं उचलायचं. दहावीचं वर्ष असलं तरी ताट उचलायला अर्धा मिनिट लागतो.

तुलनेबद्दल एवढंच सांगते की ती दोन्ही बाजूंनी बंद करा. 'दादा बघ किती अभ्यास करायचा सहावीत' हे तिला, आणि 'ती बघ किती गुणाची' हे त्याला. एकाचं कौतुक दुसऱ्याला चाबूक म्हणून वापरलं की कौतुक झालेलं मूलसुद्धा अवघडतं.

कुठल्या खुणा दिसल्या तर मी वाट पाहायला सांगणार नाही, तेही लिहिते. मारहाण एकतर्फी आणि वारंवार असेल, मुलगी त्याच्याबरोबर एकटी राहायला घाबरत असेल, तिच्या अंगाला नको तसा स्पर्श झाल्याचं ती सांगत असेल, किंवा अचानक एखाद्या मित्रासमोर यायला नकार देत असेल, तर ते भावंडांचं भांडण समजू नका. तिचं म्हणणं खरं मानून चाला आणि लगेच मदत घ्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक चोवीस तास चालतो. मुलाच्या बाबतीत उलटी खूण जास्त गंभीर आहे: तो मित्रांत रमतोय याची काळजी कमी, सगळे मित्र एकाएकी तुटले आणि तो कुणाकडेच जात नाही याची काळजी जास्त. झोप-जेवण बिघडणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, 'माझ्यावाचून कुणाचं अडत नाही' असं बोलणं, यातलं काही दिसलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथेही जाता येईल. तुमच्या लिहिण्यात मला यातलं काही दिसलेलं नाही.

मग सुरुवात कुठून? आधी मुलीपासून. तिला जवळ घेऊन सांगा: 'दादाचं मला सांगत जा म्हणाले होते ना, ते आता बंद. ते काम मी तुला द्यायला नको होतं.' तिला वाटेल की आई आता जवळ बसणार नाही. म्हणून त्याच वेळेला, रोज दहा-पंधरा मिनिटं, दादा सोडून इतर कशाबद्दलही तिच्याशी बोला. तिच्या वर्गातल्या मैत्रिणींबद्दल विचारा. दादावर सगळा जीव टाकणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या मैत्रिणी बऱ्याचदा कमी असतात. एखादीला सुट्टीच्या दिवशी घरी बोलवा.

मग मुलाशी, वेगळं, शक्यतो गाडीवर किंवा चालताना, जिथे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. त्याला सांगा की तिला मीच सांगितलं होतं, तिचा दोष नाही, आणि आता मी ते थांबवलंय. तुला काही विचारायचं असेल तर तुलाच विचारेन. तो बहुधा 'हं' म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. उत्तर मागू नका. त्याच्याकडून एकच गोष्ट मागा: मित्रांसमोर तिच्याशी बोलला नाहीस तरी चालेल, पण तिचा अपमान करायचा नाही. आणि आठवड्यातून एक गोष्ट दोघांनी मिळून करायची, तुम्ही मध्ये नसताना. रविवारी इस्त्रीचे कपडे आणणं, आजीला फोन लावणं, काहीही चालेल. पहिले तीन-चार रविवार दोघं मुकाट्यानं जातील आणि मुकाट्यानं परत येतील.

दीड-दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. तो तिच्याशी किती बोलतो याची मोजदाद ठेवू नका. दार वाजल्यावर तो काय करतो, तेवढं मात्र लिहा.